विदर्भाचा पाऊस मागच्या दारानं येतो

जूनच्या पहिल्या पंधरवड्यात टीव्हीच्या खालच्या पट्टीवर "मान्सून कोकणात दाखल" असं फिरू लागतं आणि इकडे वऱ्हाडात कृषी केंद्रासमोर बियाण्यासाठी गर्दी होते. कोकणात पाऊस पडला म्हणजे चार-आठ दिवसांत आपल्याकडे येणारच, हा त्यामागचा हिशेब. अनेकदा तो चुकतो. विदर्भात पाऊस पडायचा असेल तर नजर मुंबईकडे नको, ओडिशाच्या किनाऱ्याकडे हवी.

शाळेच्या पुस्तकात पर्जन्यछाया शिकवतात तेव्हा सह्याद्रीच्या उजवीकडचा सगळा महाराष्ट्र एकाच कोरड्या रंगात दाखवला जातो. अरबी समुद्रावरून आलेली ओली हवा सह्याद्री चढताना थंड होते आणि तिथंच रिकामी होते. महाबळेश्वरला वर्षाला 5,500 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तर डोंगर उतरून माण-खटावकडे गेलं की तो 500 च्या आसपास येतो. इथवर पुस्तक बरोबर आहे. पण पर्जन्यछाया एवढंच कारण असतं तर आणखी पूर्वेला पाऊस कमीच राहायला हवा होता. प्रत्यक्षात तो वाढत जातो. बुलडाणा-अकोल्याकडे साधारण 750 ते 850 मिलिमीटर, नागपूरला 1,000 ते 1,100 आणि गोंदिया-गडचिरोलीकडे 1,300 ते 1,500. हा पाऊस सह्याद्रीवरून उरलेला नाही. तो दुसऱ्या समुद्राचा आहे.

नागपूरवरून सरळ रेघ ओढली तर 550 किलोमीटरच्या आत कोणताच समुद्र नाही. तरी दोन्हींत पूर्वेचा, म्हणजे बंगालचा उपसागर थोडा जवळ पडतो. शिवाय पूर्व घाट सह्याद्रीसारखी सलग भिंत नाही. तो तुटक आहे आणि महानदीनं त्यात मोठी मोकळी वाट काढून ठेवली आहे. उपसागराच्या वायव्य कोपऱ्यात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं की ते ओडिशा, छत्तीसगड असं करत पश्चिम-वायव्येला सरकतं आणि दोन-तीन दिवसांत झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भाच्या दाराशी येतं. जुलै-ऑगस्टमध्ये तीन-तीन दिवस उसंत न देणारी जी झड लागते, तिच्यामागे बहुतेक वेळा असंच एखादं क्षेत्र असतं.

अशा क्षेत्रात सगळ्यात जोराचा पाऊस मध्यभागी पडत नाही, त्याच्या नैर्ऋत्य भागात पडतो. म्हणून ते छत्तीसगडवरून पूर्व मध्य प्रदेशाकडे चाललं असेल तर विदर्भ नेमका त्या ओल्या बाजूला येतो. तेच क्षेत्र झारखंड, बिहारकडे वळलं तर आपल्याकडे नुसते ढग आणि वारा. राजस्थानातल्या गंगानगरपासून उपसागरापर्यंत पसरलेला कमी दाबाचा पट्टा, ज्याला हवामान खातं "मान्सूनचा आस" म्हणतं, तो दक्षिणेला असला की मध्य भारतात पाऊस असतो. तो हिमालयाच्या पायथ्याला जाऊन बसला की आपल्याकडे खंड पडतो आणि आसाम-बिहारात पूर येतात. तेव्हा बातमीपत्र वाचताना तीन गोष्टी शोधायच्या: उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र आहे का, ते कोणत्या दिशेनं सरकणार आणि आस कुठं आहे. पंचांगात नक्षत्राचं वाहन बेडूक आहे की गाढव, यापेक्षा या तीन ओळींचा उपयोग जास्त. नक्षत्र फक्त सूर्य कुठं आहे ते सांगतं. उपसागरात काय शिजतंय ते त्याला ठाऊक नसतं.

पश्चिम विदर्भाला मात्र पुढचं दारही थोडं उघडं आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याची रांग आणि मधे तापी-पूर्णेचं खोरं. हे खोरं पश्चिमेला उघडं आहे. विदर्भातल्या मोठ्या नद्यांत पूर्णा तेवढी पश्चिमेला वाहते. वर्धा आणि वैनगंगा दक्षिणेला उतरून गोदावरीच्या पोटात जातात. या खोऱ्यातून अरबी समुद्राची हवा फारसा डोंगर न चढता आत शिरते, पण अकोल्यापर्यंत येता येता तिचा दम बराच संपलेला असतो. तिला पुन्हा चढायला डोंगर मिळाला तरच ती मनासारखी बरसते. तो डोंगर मेळघाटात आहे. म्हणून पूर्णेच्या सपाटीवरचं दर्यापूर आणि सातपुड्यावरचं चिखलदरा एकाच अमरावती जिल्ह्यात असूनही चिखलदऱ्याचा पाऊस जवळपास दुप्पट असतो.

नदीचा पूर हा आणखी वेगळा हिशेब. वैनगंगा मध्य प्रदेशातल्या शिवनी जिल्ह्यात उगम पावते. 2020 च्या ऑगस्टअखेर तिकडे धो-धो पाऊस झाला, वरच्या धरणांतून पाणी सुटलं आणि भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीतली नदीकाठची गावं पाण्याखाली गेली. पूर आणणारं पाणी बरंचसं वरचं होतं. वैनगंगेच्या काठी राहणाऱ्यानं आपल्या आभाळासोबत बालाघाट-शिवनीचा पाऊसही पाहत राहावं.

आता उन्हाळा. विदर्भ तापतो तो कोळशाच्या खाणींमुळे आणि वीज केंद्रांमुळे, असं चहाच्या टपरीवर ठामपणे सांगितलं जातं. शहराच्या तापमानात सिमेंट, डांबर आणि कारखाने भर घालतात हे खरं. पण उन्हाळ्यात देशातल्या सर्वांत तप्त गावांच्या यादीत चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरीचं नाव कितीदा वर असतं ते पाहा. तिथं औष्णिक वीज केंद्र नाही. धानाच्या बांध्या आहेत, ज्या एप्रिल-मेमध्ये कोरड्याठाक पडलेल्या असतात.

खरी कारणं जुनीच आहेत. पहिलं, समुद्र लांब. पाण्याचा एक किलो एक अंशानं तापवायला जेवढी उष्णता लागते, तिच्या चौथ्या-पाचव्या हिश्शात तेवढीच कोरडी माती तापते. म्हणून किनाऱ्यावर तापमान सावकाश चढतं आणि सावकाश उतरतं, आपल्याकडे दोन्ही झटक्यात. जानेवारीतली पहाट आणि मे मधली दुपार यांच्या सरासरीत मुंबईत 15 अंशांच्या आसपास फरक असतो, नागपुरात तो 30 च्या घरात जातो. नागपूरचा उच्चांक 23 मे 2013 चा, 47.9 अंश. डिसेंबर 2018 मध्ये तेच शहर 3.5 अंशांपर्यंत उतरलं होतं.

दुसरं, ओल नसते. जमिनीत पाणी असेल तर उन्हाची बरीच ताकद ते पाणी उडवण्यात खर्च होते. मार्चनंतर वावरात ओल उरत नाही, पानगळीचं जंगल उघडं पडतं आणि सगळी उष्णता थेट हवा तापवायला मोकळी होते. वर वायव्येकडून येणारा वारा वाळवंटी भागावरून कोरडाच आलेला.

तिसरं कारण सूर्याचं. सूर्य नागपूरच्या अगदी डोक्यावर येतो 26 मेच्या सुमारास. त्या दिवशी दुपारी 12 वाजून 10 मिनिटांच्या आसपास अंगणात उभी गाडलेली काठी सावली टाकत नाही. पंचांगातला नवतपा सूर्य रोहिणीत गेला की, म्हणजे 25 मेपासून नऊ दिवस. हा मेळ मजेशीर आहे. सूर्य दुसऱ्यांदा जुलैच्या मध्यानंतर डोक्यावर येतो, पण तेव्हा वर ढग आणि खाली चिखल, म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही. सूर्य तोच, कोन तोच. फरक ओलाव्याचा.

चौथं, उंची. बुलडाणा जिल्ह्यात कुणालाही विचारा, तो "घाटावरचा" की "घाटाखालचा" हे आधी सांगेल. बुलडाणा शहर सुमारे 650 मीटरवर, राजूर घाट उतरून गेलं की मलकापूर 250 च्या आसपास. हवा उंचीबरोबर सरासरी दर किलोमीटरला साडेसहा अंशांनी थंड होते. मे मधल्या कोरड्या, घुसळलेल्या दुपारी हा दर दहाच्या जवळ जातो. म्हणजे 400 मीटरच्या फरकात अडीच ते चार अंश. खाली 44 असेल तर वर 40 ते 41. चिखलदरा 1,100 मीटरवर आहे. पायथ्याच्या परतवाड्यापेक्षा तिथं भर दुपारी सहा-सात अंश कमी असू शकतात, म्हणूनच तिथं कॉफी टिकते आणि जवळच्या मोथ्यात स्ट्रॉबेरी होते. पण डोंगर ओलांडून पलीकडे धारणीला उतरलं की उंची गेली आणि थंडावाही गेला. "मेळघाट थंड आहे" हे वाक्य त्यामुळे अर्धंच खरं. चंद्रपूर तर 200 मीटरच्याही खाली.

कोरड्या हवेचा एक फायदा विदर्भानं पुरेपूर उचलला आहे, तो म्हणजे कूलर. ओलं फडकं गुंडाळलेला थर्मामीटर वाऱ्यात धरला तर तो जिथं येऊन थांबतो, ती कूलरची खालची हद्द. बाहेर 44 अंश आणि हवेत 15 टक्के आर्द्रता असेल तर ही हद्द 23 च्या आसपास असते. कूलरच्या बाजूंच्या गवती ताट्या चांगल्या भिजत असतील तर कूलर या दोन आकड्यांतलं पाऊण अंतर कापतो, म्हणजे आत येणारी हवा 28-29 अंशांची. जूनच्या शेवटी बाहेर 34 आणि आर्द्रता 75 टक्के झाली की हद्दच 30 वर चढते. तोच कूलर मग जेमतेम तीन अंश उतरवतो आणि वर खोली दमट करतो, अंथरूण चिकट लागतं. यंत्र बिघडलेलं नसतं, हवा बदललेली असते. अशा वेळी पंप बंद करून नुसता पंखा चालवायचा. मुंबईत कूलर का चालत नाही याचंही उत्तर हेच.

कूलर लावताना होणाऱ्या चुकाही भूगोलाच्याच आहेत, फक्त खोलीच्या. त्याची पाठ बाहेरच्या हवेत हवी. खोलीच्या आत ठेवला तर तो तीच ओली हवा पुन्हा पुन्हा ओढतो आणि तासाभरात निकामी होतो. समोरच्या बाजूची खिडकी चार-सहा बोटं उघडी लागते, हवेला बाहेर जायला वाट नसेल तर आत येणारी हवाही अडते. पाणी क्षाराचं असेल, आणि पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात ते असतंच, तर पाणी उडून जातं आणि क्षार ताट्यांवर बसतो. ताट्या पांढऱ्या, कडक होतात, पाणी एका धारेनं खाली जातं आणि मधे कोरडे पट्टे राहतात. त्या पट्ट्यांतून गरम हवा सरळ आत. टाकीतलं पाणी तीन-चार दिवसांनी पूर्ण काढून टाकलं तर हे बरंच लांबतं, डासांचीही सोय मोडते. नुसती भर घालत राहिलं तर क्षार वाढतच जातो.

हिवाळ्यात हेच कोरडं, निरभ्र आभाळ उलट काम करतं. ढगांचं पांघरूण नसलं की जमीन रात्रभर आपली उष्णता वर सोडून देते. थंड हवा जड असते, ती पाण्यासारखी उताराला लागते आणि नाल्याच्या काठी, खोलगट वावरात साचते. वारा पडलेल्या रात्री धुऱ्यावर आणि खालच्या वावरात दोन-तीन अंशांचा फरक सहज पडतो. गावात 7 अंश सांगत असतील तर खोलगटातल्या रोपांना 4-5 भोगावे लागतात. भाजीपाल्याची रोपवाटिका किंवा कोवळी पपई अशा जागी लावू नये. लावलीच असेल तर कडाक्याच्या रात्रीआधी संध्याकाळी हलकं ओलित द्यावं. ओली माती दिवसाची उष्णता जास्त धरते आणि हळू सोडते. खालच्या बाजूला दाट काटेरी कुंपण किंवा उंच बांध असेल तर थंड हवा तिथं धरणासारखी अडते, थोडी फट ठेवावी.

संत्र्याला मात्र ही थंडी हवीच असते. काटोल, वरूड, मोर्शी या सातपुड्याच्या पायथ्याच्या पट्ट्यात संत्रा रुजला त्यात निचऱ्याच्या जमिनीचा आणि विहिरींच्या पाण्याचा वाटा आहेच, पण रंग थंड रात्रींनी येतो. रात्री उबदार असल्या तर फळ आतून गोड होऊनही साल हिरवट राहते. मृग बहाराची, म्हणजे जूनच्या पावसावर येणाऱ्या फुलोऱ्याची फळं थंडी खाऊन फेब्रुवारीनंतर उतरतात, म्हणून त्यांचा रंग उजवा. आंबिया बहाराचं, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी येणाऱ्या फुलोऱ्याचं बरंचसं फळ कडाक्याची थंडी पडण्याआधीच तोडणीला येतं. आंबियाला डिसेंबर-जानेवारीत ताण देताना, म्हणजे झाड फुलावं म्हणून पाणी तोडताना थंडी मदत करते, झाड तसंही थांबलेलंच असतं. मृगाचा ताण एप्रिल-मेच्या उन्हात द्यावा लागतो, तिथं चूक महागात पडते. हलक्या जमिनीत ताण लांबला तर झाड फुलायच्या ऐवजी सुकू लागतं. आणि मृग बहार पूर्णपणे जूनच्या पावसाच्या हाती. पाऊस लांबला आणि विहीर आटली की बहार फुटतच नाही.

मातीमुळे हवामान बदलत नाही, पण तेच हवामान वेगळं भोगावं लागतं. नागपूरच्या आसपास दख्खनचा काळा दगड संपतो आणि पूर्वेला जुना ग्रॅनाइट, नाइस सुरू होतो. पश्चिमेला कापसाची काळी जमीन, पूर्वेला धानाची मोरांड, सिहार. पूर्वेच्या खडकात पाणी खोल मुरत नाही म्हणून तिथं ते वर अडवायची रीत पडली. भंडारा-गोंदियातले मालगुजारी तलाव आणि बोड्या, म्हणजे शेतातली छोटी तळी, हे त्याचंच रूप. पूर्णेच्या खोऱ्यात वेगळीच अडचण. माती इतकी चिकण आणि खोल की वरचं पाणी मुरत नाही आणि खालचं पाणी खारं. खोल काळी जमीन मीटरभर जाडीत 200 मिलिमीटरच्या आसपास पाणी पिकासाठी धरून ठेवू शकते, हलकी, मुरमाड बरड जमीन त्याच्या निम्मंही नाही. म्हणून बारा दिवसांच्या उघाडीत बरडावरची पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, आधी माना टाकते, तर चार दिवसांच्या झडीत काळ्यातलं सोयाबीन आधी पिवळं पडतं. गावावर पाऊस सारखाच पडलेला असतो.

सारखाच म्हणताना जपून. जूनमधला पाऊस बराचसा ढगांच्या सुट्या गड्ड्यांतून पडतो आणि एका शिवारात 40 मिलिमीटर, तर नाल्यापलीकडे 5, असं होतं. अतिवृष्टीचा 65 मिलिमीटरचा निकष महसूल मंडळाच्या मापकावर ठरतो, तो तुमच्या वावरापासून आठ-दहा किलोमीटर लांब असू शकतो. पेरणीच्या निर्णयासाठी स्वतःचं माप ठेवणं परवडतं. दोन लिटरची सरळ बाजूची बाटली घ्या. मान उतरती सुरू होते तिथं कापा, कापलेला भाग उलटा करून नरसाळ्यासारखा आत बसवा. तळ खडबडीत असतो, म्हणून त्यात बारीक गिट्टी भरून पाणी ओता आणि जिथून बाजू सरळ होते तिथं शून्याची खूण करा. तिथून वर मिलिमीटरची पट्टी चिकटवली की झालं. नरसाळ्याचं तोंड आणि बाटलीची रुंदी एकच असेल तरच पट्टीचा आकडा खरा. रुंद नरसाळं लावलं तर आकडा फुगतो.

मापकाची कड जमिनीपासून 30 सेंटिमीटर वर ठेवा, खाली असेल तर चिखलाचे शिंतोडे आत जातात. स्लॅबवर ठेवू नका, तिथल्या वाऱ्यानं पाऊस तोंडावरून उडून जातो. झाड किंवा भिंत जेवढी उंच, निदान तिच्या दुप्पट अंतरावर हवा. वाचायची वेळ रोज सकाळी साडेआठ, हवामान खात्याचीही तीच, म्हणजे आकडे ताडून पाहता येतात. वाचून झालं की पाणी शून्याच्या खुणेवर आणून ठेवा. कोरड्या दिवशी 0 लिहा, जागा रिकामी सोडली तर महिन्याभरानं "पाऊस नव्हता" की "वाचलाच नाही" ते कळत नाही. हिशेब सोपा आहे, 1 मिलिमीटर म्हणजे एकरावर सुमारे 4,000 लिटर पाणी.

तापमानाचं असं घरगुती माप मात्र सहसा फसतं. हवेचं तापमान सावलीत, जाळीदार पांढऱ्या पेटीत, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर मोजतात. मोटारसायकलच्या सीटवर किंवा टिनाच्या शेडखाली ठेवलेला थर्मामीटर त्या वस्तूचं तापमान सांगतो. मे 2024 मध्ये नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं 56 अंश दाखवले आणि देशभर बातमी झाली. नंतर हवामान खात्यानं तो संवेदकाचा दोष असल्याचं सांगितलं.

पेरणीआधी वहीत 75 ते 100 मिलिमीटर जमा झालेले हवेत, तेही दोन-चार पावसांत. काळ्या जमिनीत एवढ्यावरही थांबू नका. उन्हाळ्यात पडलेल्या भेगा पहिल्या पावसाचं पाणी सरळ खाली ओढून घेतात, वरचं बोटभर ओलं दिसतं आणि मधला थर कोरडाच राहतो. वावरात तीन-चार जागी वीतभर खोदा. माती मुठीत दाबून गोळा होत असेल आणि भेगा मिटल्या असतील तर तिफन काढा. एकाही जागी मधे कोरडी ढेकळं निघाली तर उपसागराकडे पाहत आणखी एक पाऊस थांबा.